गंगाराम धुरींची न मागितलेली भरपाई

गॅसचा सिलिंडर आला की तो गंगाराम धुरींच्या घरात लगेच जात नाही. आधी पडवीच्या वाशाला टांगलेल्या काट्याच्या आकड्याला लागतो. गंगाराम चष्मा पुसून वजन बघतात, मग सिलिंडरच्या गळ्यावर रंगवलेला आकडा बघतात, आणि मग गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघतात. इतक्या वर्षांत वजन कमी भरल्याचं कोणाला आठवत नाही. गाडीवाला एकदा वैतागून म्हणाला, "काका, कधी कमी इला काय?" तर गंगाराम म्हणाले, "आजपर्यंत भरला म्हणजे आजय भरतला, असा कोणी सांगल्यान तुका?"

धामापूरच्या तळ्यावरून खाली उतरलं की ओढ्याकाठी जी लहान वाडी लागते, तिथे त्यांचं घर. परड्यात नारळ पडला की गोळा व्हायच्या आधी त्याच्यावर चुन्याचं बोट उमटलेलं असतं. दुकानदाराने दिलेली नोट ते उजेडाकडे धरतात. मुंबईला नोकरी करणारा मुलगा विनीत फोनवर बोलताना जरा अडखळला, तरी "कोण आसा रे बाजूक?" असं विचारतात. वाडीला याची सवय झालेली आहे. लोक हसतात, पण त्यांच्यासमोर नाही.

हा स्वभाव जन्मापासूनचा नव्हता. विशीत असताना ते बोटीवर चढायचं म्हणून मुंबईला गेले, तेव्हा एका दलालाने कागदपत्रं करून देतो म्हणून पैसे घेतले. ठरल्या दिवशी गंगाराम नवी ट्रंक घेऊन त्याच्या ऑफिसात गेले, तर शटरला कुलूप आणि बाहेर त्यांच्यासारखीच ट्रंका घेतलेली माणसं. त्यानंतर दुसऱ्या माणसाकडून ते चढले, आणि जवळजवळ तीस वर्षं मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून जगभर फिरले. पण त्या दिवसापासून ट्रंकेच्या कुलपाला ते बारीक दोरा बांधायला लागले, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. बोट सुटली तरी दोरा सुटला नाही.

त्या तीस वर्षांत घर आणि शेती सावित्रीने सांभाळली. गंगाराम आठ-दहा महिन्यांनी यायचे, सुट्टी संपली की जायचे. बोटीच्या कमाईतून त्यांनी ओढ्याकाठचा एक मळा विकत घेतला. सातबारा फक्त त्यांच्या एकट्याच्या नावावर, याचं त्यांना फार समाधान. कारण त्याला लागून असलेलं धुरींचं वडिलोपार्जित शेत सगळ्या घराण्याच्या नावावर होतं. चुलत्यांची, चुलत भावांची नावं, त्यांचंही. ते कसत होता चुलत भाऊ सत्यवान, तोंडी वाटणीने.

नोकरी संपवून गंगाराम कायमचे घरी आले, त्या पहिल्याच वर्षी त्यांना आपला मळा अरुंद वाटला. दोन्ही शेतांमधली मेर, म्हणजे मातीचा बांध, आपल्या बाजूला सरकली आहे असं त्यांनी ठरवलं. सत्यवान म्हणाला, नाही. गंगाराम म्हणाले, मग मळा लहान कसा झाला? सत्यवान म्हणाला, तो लहान झाला नाही, तू बोटीवर बसून तो मोठा केलास. शब्दाने शब्द वाढला. सरकारी मोजणी आणायची गोष्ट निघाली, पण मोजणीदाराला सत्यवानाने आधी गाठलं तर, या शंकेने गंगारामांनी अर्जच केला नाही. दोघांचं बोलणं थांबलं. घरांच्या मधे बांबूची वय, म्हणजे कुंपण होतं, तिच्या अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा. दहा-अकरा वर्षं तशीच गेली.

पिकाचा विमा त्यांनी कधी उतरवला नाही. सरकारने तो एक रुपयात दिला तेव्हासुद्धा नाही. कृषी सहाय्यक प्राजक्ता, फोंडाघाट चढून पलीकडच्या गावची मुलगी, त्यांच्या पडवीत बसून सगळं समजावून गेली होती. गंगारामांनी तिला चहा दिला आणि सांगितलं, "बाई, एका रुपयात आमच्याकडे काडेपेटी मिळत नाही. एवढ्या स्वस्तात जो माणूस माझी सही मागतो, त्याला माझी सहीच हवी असणार." प्राजक्ता हसली. पुढे हप्ता वाढला, तेव्हा ते म्हणाले, आता बघा, खरं रूप दाखवलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाली तरी पाऊस हटेना. भात पिकून पिवळं झालेलं. दोन दिवस ऊन पडलं म्हणून सावित्रीने बायका लावून अर्धं कापलं, पेंढ्या शेतातच सुकायला पसरल्या, आणि त्याच संध्याकाळी समुद्राकडून काळं भरून आलं. मग पाऊस थांबलाच नाही. ओढा फुगून मळ्यात शिरला. कापलेलं तरंगलं, उभं होतं ते आडवं झालं. पाणी उतरल्यावर सावित्री डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन शेतात गेली आणि एक पेंढी उचलून घेऊन आली. लोंबीतल्या दाण्यांना हिरवे कोंब फुटले होते. तिने ती पेंढी घरापुढच्या खळ्यात ठेवली आणि पाय धुवायला गेली.

गावात पंचनामे सुरू झाले. तलाठी आणि कृषी खात्याचा एक माणूस वाडीत आले, तेव्हा प्राजक्ता दुसऱ्या गावाच्या कामावर होती. नवे चेहरे, हातात मोबाईल, खांद्याला पिशव्या. सत्यवान त्यांना त्याचं शेत दाखवत होता. गंगारामांनी लांबून बघितलं आणि त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं. ही माणसं मेरेवर उभी राहून फोटो काढणार. फोटोत जागा येणार. सत्यवान बोट दाखवणार, हे लिहून घेणार, आणि उद्या तोच कागद मोजणीच्या वेळी समोर येणार.

ते तरातरा गेले. साहेब लोक मेर ओलांडायला लागले होते, त्यांना हात आडवा करून गंगाराम कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "माझ्या शेतात उतरायचं नाही. मला पंचनामा करायचा नाही."

तलाठी म्हणाला, "अहो काका, नुकसान झालंय ना? विमा नसला तरी शासन मदत देतं. आम्ही नुसतं बघणार, फोटो काढणार."

"बघून झालं असेल तर जा."

ते गेले. मागे सावित्री विळा घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग पाठमोऱ्या साहेबांकडे बघितलं, आणि वाकून सडलेलं भात कापायला लागली. निदान गुरांना पेंढा तरी होईल, म्हणून. दुसऱ्या दिवशी गंगाराम एका नातेवाइकाच्या बाराव्याला वेंगुर्ल्याला गेले. तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

काजूला मोहोर यायला लागला तेव्हा एका सकाळी त्यांच्या फोनवर मेसेज वाजला. बँकेचं नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, आणि रक्कम जमा झाल्याचं. गंगारामांनी तो वाचला आणि फोन उपडा ठेवला. असले मेसेज त्यांना ठाऊक होते. बोट लावलं की खातं रिकामं. त्यांनी फोन बंद केला, पासबुक पिशवीत घातलं आणि मालवणची एसटी पकडली.

बँकेत काचेमागच्या मुलीने पासबुक छापून दिलं. "शासनाचं अनुदान आहे. अतिवृष्टीचं."

"मी मागितलं नाही."

"मिळालंय ना पण."

"मी अर्ज केला नाही, सही केली नाही, शेत दाखवलं नाही. मग माझं खातं यांना कोणी दिलं?"

"आधार जोडलेलं असेल, काका. गॅससाठी जोडता ना, तेच." मागे रांग वाढत होती. "काढायचेत का पैसे?"

"हातसुद्धा लावणार नाही," गंगाराम म्हणाले.

घरी येताना एसटीच्या खिडकीशी बसून त्यांनी सगळ्या शक्यता लावून बघितल्या. चुकून आले असतील तर उद्या परत मागतील, व्याजासकट. कुठल्याशा गावात खोटे पंचनामे सापडल्यावर लोकांकडून वसुली झाल्याचं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. आणि चुकून आले नसतील, तर कोणीतरी मुद्दाम आपलं नाव घातलं आहे. ज्याने घातलं त्याचा त्यात काही ना काही फायदा असणार. बिनफायद्याचं कोण कोणासाठी करतो? पट्टीवर तिकीट फाडत कंडक्टर पुढे गेला, तरी यांचं सुटे पैसे तपासायचं राहून गेलं, इतके ते विचारात होते.

दुसऱ्या दिवशी ते प्राजक्ताच्या ऑफिसात जाऊन बसले. ती शेतावरून आली होती, बूट चिखलाने भरलेले.

"माझा पंचनामा कोणी केला?"

तिने मोबाईलवर शोधून बघितलं. "झालाय की काका रीतसर. फोटो पण आहे." आणि तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

फोटोत त्यांचा मळा होता. ओढ्याकडचं वाकडं करंजाचं झाड दिसत होतं, म्हणजे शंकाच नाही. आणि मळ्याच्या मधोमध, घोट्यापर्यंत पाण्यात, कोंब फुटलेली पेंढी हातात धरून सत्यवान उभा होता.

गंगारामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. दहा-अकरा वर्षं ज्या माणसाने या मातीत पाय टाकू नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसले, तो सरकारी फोटोत त्यांच्या शेतात उभा होता. खाली तारीख, वेळ, ठिकाण. ताब्याचा यापेक्षा चांगला पुरावा कोण देणार?

"हा माणूस शेतमालक नाही."

"नसेल. पण नाव तुमचंच आहे ना, पैसे पण तुमच्याच खात्यावर. घरचं माणूस हजर होतं, अशी नोंद आहे."

"हा घरचा माणूस नाही."

प्राजक्ताने पुन्हा फोटोकडे बघितलं आणि बोटांनी तो मोठा केला. "हे कोण मग?"

फोटोच्या एका कडेला, अर्धवट कापलेली, एक बाई वाकलेली होती. तोंड दिसत नव्हतं. डोक्यावरून पाठीवर निळ्या प्लॅस्टिकची खोळ.

गंगारामांनी फोन परत दिला आणि ते उठले. निळ्या खोळी वाडीत पुष्कळ होत्या. बाजारात मिळतच होत्या निळ्या. वाटभर ते स्वतःला हेच सांगत होते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला होता, पण सावित्रीवर कधी नाही. बोटीवरून धाडलेल्या पैशांचा हिशेब त्यांनी कधी विचारला नव्हता. ट्रंकेला दोरा बांधायचे, पण घरी आल्यावर चावी तिच्या हातात द्यायचे. आता ती समोर भाकरी थापत होती आणि ते तिच्या हातांकडे बघत होते, जसे ते दुकानदाराच्या हातांकडे बघत तसे. कुठल्या बोटीवर, कुठल्या बंदरात असताना, हिने काय काय केलं असेल? हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याची त्यांना भीती वाटली. तरी तो गेला नाही.

त्यांनी सरळ विचारलं नाही. आडून विचारलं.

"मी वेंगुर्ल्याक गेल्लंय त्या दिवशी पाऊस हुतो गो?"

"हुतो थोडो."

"तू घराकच हुतंस?"

"शेतात हुतंय. पेंडो काडूक."

"एकटीच?"

सावित्रीने तव्यावरची भाकरी परतली. "तुमका काय विचारूचा आसा, ता सरळ विचारा."

"माझा शेत सरकाराक कोणी दाखवल्यान?"

"मियां," ती म्हणाली.

इतकं पटकन उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आयुष्यभर धरलेल्या संशयांपैकी फार थोडे खरे निघाले होते. हा निघाला. ते उंबऱ्यावर बसले.

"तुमी त्यांका हाकललास," सावित्री म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्या दिवशी ते वरच्या घरांकडे परत इले. मियां सत्यवान भावजींका सांगलंय, तुमी पुढे व्हा, माज्या एकटीच्या बोलण्यार सायब थांबूचे नाय. ते शेतात उबे रवले. मियांच उबे केलंय."

"माका न विचारता?"

"तुमका विचारून काय झाला असता?"

सावित्रीने लाकूड चुलीत पुढे सारलं.

"तुमी बोटीवर हुतास तेवा भाताचो तरवो कोणी काडलो? लावणी कोणी केली? शेत तुमच्या नावार आसा, तुमच्या पैशान घेतलास, माका सगळा ठावक आसा. पण त्या भाताक हात माजे लागलेत. ता डोळ्यादेखत कुसला. आणि सायब बघूक इले, तर तुमी त्यांका मेरेवरसूनच परत धाडलास." तिने हात पदराला पुसले. "पैशे इले नसते तरी चालला असता. पण कोणी बघूकय नको? लिवन घेवकय नको, काय हंय भात हुता आणि ता गेला म्हणान?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. भाकरी एका बाजूने करपली, तिने ती उतरवून ठेवली.

"त्याच्यावांगडा बोलतंस कधीपासून?" गंगारामांनी विचारलं.

"बोलूचा सोडलंय कधी?"

आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तुटलेलं बोलणं त्यांच्या एकट्याचं होतं. सत्यवानाची बायको आणि सावित्री परड्यातल्या वयीशी रोज उभ्या राहत. गणपतीत इकडचे मोदक तिकडे जात, तिकडची सुपारी इकडे येई. विनीत मुंबईहून आला की काकांना भेटून मगच बापाच्या पाया पडे. गंगाराम ज्या वयीवर पहारा ठेवून बसले होते, तिच्या मागच्या टोकाला बायकांनी येण्याजाण्यापुरती वाट कधीच करून ठेवली होती. सगळ्या वाडीला हे माहीत होतं. परड्यातल्या प्रत्येक नारळावर चुन्याचं बोट लावणाऱ्या माणसाला तेवढं दिसलं नव्हतं.

दोन दिवस ते घरात फार बोलले नाहीत. सावित्रीनेही मनधरणी केली नाही. तिने वेळच्या वेळी पेज वाढली, गुरांचं केलं, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, "सत्यवान भावजींचे पैशे अडाकलेत."

"कित्याक?"

"थंयसर सातबाऱ्यार सगळ्यांची नावां. बाकीच्यांनी मुंबईसून संमती धाडल्यानी. तुमची सही रवली."

गंगारामांनी घास खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तरतरी आली. "अशी गोष्ट!" ते म्हणाले. "तरी मी म्हणतंय, फुकटचो माज्या शेतात उबो कसो रवलो!"

सावित्रीने कपाळाला हात लावला.

हात धुऊन ते निघाले. वयीच्या मागच्या वाटेने नाही. रस्त्याने वळसा घालून, पुढच्या बाजूने सत्यवानाच्या खळ्यात गेले. सत्यवान सुपारी सोलत बसला होता. केस पांढरे झालेले, एका गुडघ्याला पट्टा. लांबून इतकी वर्षं दिसत होता, पण गुडघ्याचा पट्टा गंगारामांनी पहिल्यांदाच बघितला.

सत्यवान उठला नाही. म्हणाला, "बस मरे, दादा."

"बसूक येवक नाय. माज्या शेतात उबो कित्याक रवलंस?"

"वयनीन सांगल्यान म्हणान."

"तेवढ्यासाठीच?"

सत्यवानाने सुपारी खाली ठेवली. थोडा वेळ त्याने विचार केला, खोटं बोलावं की खरं, असा. निदान गंगारामांना तसं वाटलं. "नाय," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी न्हय. माज्या सातबाऱ्यार तुजा नाव आसा. तुज्या सहीशिवाय माजे पैशे सुटूचे नाय, ह्या माका तेवाच सायबान सांगलेल्यान. म्हटलंय, ह्येचा काम करून ठेवलंय तर उद्या सही तरी करीत."

गंगाराम खळ्याच्या कठड्यावर बसले. त्यांना बरं वाटलं. उपकाराचा जो दगड तीन दिवस छातीवर होता, तो खाली उतरला. सत्यवानाने स्वतःचं बघितलं होतं. हे त्यांना समजत होतं, हे त्यांच्या हिशेबात बसत होतं.

"कागद हाड," ते म्हणाले.

सत्यवानाने आतून संमतीपत्र आणलं. गंगारामांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग मागची कोरी बाजू बघितली. "उद्या ह्या कागदार सगळा शेतच तुज्या नावार करून घेशीत."

"घेवचा असता तर तू बोटीवर हुतंस तेवाच घेतलंय असता," सत्यवान म्हणाला. "तेवा बघूक कोण हुतो?"

गंगारामांनी कागद मांडीवर घेतला. त्यांनी पेन काढलं आणि जिथे जिथे मोकळी जागा होती, तिथे तिथे आडवी रेघ मारली, नंतर कोणी एक अक्षर घुसवू नये म्हणून. खाली आपल्या हाताने लिहिलं, 'ही संमती फक्त या पावसाच्या नुकसानीपुरती आहे, जमिनीच्या हक्काशी संबंध नाही.' मग सहीला पेन टेकवलं, तोच सत्यवान म्हणाला, "जरा थांब."

त्याने खिशातून मोबाईल काढला आणि समोर धरला. "आता कर."

"ह्या कशाक?"

"तू उद्या म्हणशीत, ही सही माजी न्हय."

गंगाराम त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग, कितीतरी वर्षांनी, त्या माणसाबद्दल त्यांना आपलेपणा वाटला. धुरींचंच रक्त. त्यांनी पेन सरळ धरलं, फोटोत सही नीट दिसावी म्हणून जरा कुशीला सरकले, आणि सही केली.

प्राजक्ताने तो कागद बघितला आणि तिला हसू आवरेना. "काका, एवढ्या रेघा? वरती घेणार नाहीत हो हे." दुसरा कागद भरावा लागला. गंगाराम पुन्हा सत्यवानाच्या खळ्यात जाऊन बसले, पुन्हा सगळं वाचलं, पुन्हा रेघा मारल्या, पण या खेपेला बारीक आणि पट्टी लावून. सत्यवानाने पुन्हा फोटो काढला. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. तो गंगारामांनी सत्यवान आपला कप तोंडाला लावेपर्यंत घेतला नाही.

चहा झाल्यावर त्यांनी ती गोष्ट विचारली, जिच्यासाठी ते वर्षानुवर्षं कोर्टात जायचं म्हणत होते. "एक सांग. मेर सरकवलेलंस काय नाय?"

"नाय," सत्यवान म्हणाला. "ओढ्यान खाल्ल्यान. तुज्याय बाजून, माज्याय बाजून."

तो सरळ डोळ्यांत बघून बोलला. पण मुंबईतला तो दलालही सरळ डोळ्यांत बघूनच बोलला होता. गंगारामांना ते खरं वाटलं का? त्यांनाच सांगता येणार नाही. ते नुसते "हूं" म्हणाले आणि घरी आले. त्या 'हूं'मध्ये त्यांनी भांडण सोडून दिलं की पुढच्या तारखेवर ढकललं, हे वाडीत अजून कोणाला कळलेलं नाही.

त्यांच्या खात्यावरचे पैसे तसेच पडून होते. वसुलीची नोटीस येईल म्हणून पोस्टमन दिसला की ते खळ्यात येऊन उभे राहत. नोटीस आली नाही. शिमगा जवळ आला तेव्हा त्यांनी सावित्रीला विचारलं, "त्या पैशांचा काय करूया?"

"रवांदेत बँकेत," ती म्हणाली. "तुमचो इश्वास बसात तेवा काडा."

हे ती चिडून बोलली की थट्टेने, ते त्यांनी तिच्या तोंडावर शोधलं, आणि मग शोधायचं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन मालवणला गेले. काचेमागच्या मुलीपुढे तिला उभं केलं आणि सांगितलं, "हे पैसे यांच्या खात्यावर घाला. भात यांचं होतं." पावती मात्र त्यांनी दोनदा वाचली. सावित्रीने पावती पदराच्या गाठीत बांधली. बाजारातून जाताना तिने भाताच्या बियाण्याच्या दुकानापुढे पाय थांबवले, भाव विचारला, आणि महाग म्हणून पुढे गेली.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी दोघं जेवत होती. बांगड्याचं तिखलं होतं. सावित्रीने त्यांच्या ताटात भात वाढता वाढता सांगितलं, "सत्यवान भावजींचे पैशे झाले जमा."

गंगारामांचा हात थांबला. "तुका कोणी सांगल्यान?"

"परड्यात भेटले. वयीकडे."

त्यांनी तिखल्यात भात कालवला. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. बाहेर कोणाची तरी गाडी रस्त्याने गेली, तिकडे त्यांनी मान वळवून बघितलं नाही.

"गुडघो कसो आसा म्हणा हुतो?" त्यांनी विचारलं.